सूर्यफुलाची नोट

नोटावाल्याने सूर्यफुलाची नोट चिमट्याने उचलून काउंटरच्या काचेवर ठेवली. किंमत मात्र सांगितली नाही.

समोर मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती. निवृत्त झाल्या तरी नाव तेच राहिलं, आणि धाकही तोच. भल्याभल्या सर्जनना त्यांनी पुन्हा हात धुवायला पाठवलं होतं. एका खलाशी पेशंटने बरं होऊन जाताना हजार लिऱ्यांची जुनी नोट हातावर ठेवली, तेव्हापासून त्यांना युरोपातल्या चलनातून गेलेल्या नोटांचा नाद लागला. लिरा, मार्क, फ्रँक, गिल्डर. दर तीन महिन्यांनी त्या इथे यायच्या. किल्लीवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामधलं जुन्या नोटांचं हे दुकान इतकं चिंचोळं, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला दारात उभं राहावं लागे.

"पन्नास गिल्डर," त्या भिंगातून बघत म्हणाल्या. "फुलावर मधमाशीसुद्धा आहे. अगदी कोरी हो! कितीला?"

"सिस्टर, आधी बसा."

"मला काही झालेलं नाही. तुम्हाला काय झालंय?"

नोटावाला स्वतःच स्टुलावर टेकला. महिनाअखेर दुकान बंद होणार होतं. गुडघ्यांनी राजीनामा दिला होता आणि मुलीने त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं होतं. जाण्याआधी एक गोष्ट पोटातून बाहेर काढायची होती. आठ दिवस तो वाक्यं जुळवत होता. आता एकही आठवेना.

"या नोटा मी विकत आणत नाही," तो म्हणाला. "अकरा वर्षं तुमच्याशी खोटं बोललो. युरोपातून एक बाई पाकिटात घालून पाठवतात. विक्रीचे पैसे मलाच ठेवायला सांगतात. म्हणाल्या, माझं नाव काढू नका, रीतसर विका, नाहीतर ताई घ्यायची नाही."

सिस्टरनी भिंग खाली ठेवलं.

बाकीचं नोटावाल्याला त्या बाईंच्या, म्हणजे सिस्टरच्या धाकट्या बहिणीच्या, पत्रांतून कळलं होतं. आई अंथरुणाला खिळली त्याच वर्षी धाकटी नोकरीसाठी परदेशी गेली. मोठीने ठरलेलं लग्न मोडलं आणि सात वर्षं आईचं सगळं केलं. धाकटी पैसे पाठवायची, मोठी ते परत करायची. आई गेली त्या दिवशी मोठी फोनवर एवढंच म्हणाली होती, "तुझा एक छदामही या घरात नको." त्यानंतर दोघींचं बोलणं नाही.

"म्हणून त्यांनी ही वाट काढली," नोटावाला चाचरत म्हणाला. "बाजारात चालत नाहीत ते पैसे तरी ताईच्या घरात जातील, असं लिहिलं होतं."

आता नोटांचे सगळे अल्बम काउंटरवर येऊन आदळणार, असं धरून नोटावाला मान खाली घालून बसला.

"मला माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या.

"काय?"

"दुसऱ्याच नोटेला कळलं. मला हवी तीच नोट नेमकी तुमच्याकडे कशी येते? मी बोलले होते फक्त मावसबहिणीजवळ, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, लगेच धाकटीला कळवते. तेव्हापासून मुद्दाम तिलाच सांगते. अमुक राहिली, तमुक कुठे मिळेना. मग तीन महिने थांबते आणि इथे येते."

नोटावाल्याला हसावं की रडावं कळेना. "आणि तरी दर वेळी पूर्ण पैसे मोजलेत?"

"फुकट घेतलं असतं तर माझाच शब्द मोडला असता."

त्यांनी नोट प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवली आणि पर्समध्ये ठेवली.

नोटावाला किंमत सांगायला तोंड उघडणार, तोच त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"तिला आजच कळवा," त्या म्हणाल्या. "म्हणावं, ताईने या नोटेचे पैसे दिले नाहीत."