डाव्या बाजूचा मॉनिटर

नात अक्षरा पाचवीला गेली त्या साली उमाशंकरनं औशातल्या दुकानात दुसरा मॉनिटर आणला, आणि त्याच साली मल्लिकार्जुन आप्पांना घरच्यांचा संशय यायला लागला.

बसस्टँडसमोरचं फ्लेक्सचं दुकान बापलेकाचं. आप्पा गिऱ्हाइकांशी बोलायचे, उमाशंकर कॉम्प्युटर चालवायचा. त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स घातलेलं.

"हे दुसरं डबडं कशाला रे?" आप्पांनी विचारलं होतं.

"गिऱ्हाईक मानेवर येऊन बसतंय, आप्पा. आता त्यानं उजवीकडच्यात बघायचं, मी डावीकडच्यात. जे हिकडं, तेच तिकडं."

आप्पांना पटलं.

दिवाळीनंतर मात्र आप्पा आत आले की डावा मॉनिटर बंद व्हायला लागला. उमाशंकर हळूच बटण दाबायचा आणि उगाच टेबल पुसायचा.

मग त्यानं बायकोला, जगदेवीला, दुकानात आणून बसवलं.

"सेटिंगमधी हे दोन चौकोन दिसतेत ना? हा धर अन् डावीकडं ओढ. आता बाण ह्या मॉनिटरातनं त्या मॉनिटरात जातोय बघ."

"अन् चौकोन उलटे लागले तर?"

"मग बाण उजवीकडनं घालवशील अन् निघंल डावीकडनं. तुझ्या भावासारखा."

जगदेवी हसली नाही. एरवी माहेरावर शब्द गेला की ती सोडायची नाही.

"बायकोला गादीवर बसवायलास का?" आप्पा म्हणाले.

"शिकलेलं बरं असतं. तुम्ही न्हाई का साठी उलटल्यावर पाटी घेतली?"

ते खरं होतं. आप्पांना अक्षरं नातीनं, अक्षरानंच शिकवली होती. अजून ते बोट ठेवून वाचायचे.

दर मंगळवारी नवराबायको लातूरला जायची. मशिनीचं काम, म्हणायची. पण पिशवीतून दवाखान्याची फाईल डोकवायची. दिवाळीत खोकल्यासाठी आप्पांच्याही तपासण्या झाल्या होत्या. "रिपोर्ट चांगले हायत," एवढंच उमाशंकर बोलला होता. कागद दाखवले नव्हते.

आप्पांनी मनात जुळणी केली. मला काहीतरी मोठं झालंय. हे दोघं लपवायलेत. आणि माझ्यामागं दुकान कसं चालवायचं त्याची तयारी चाललीय.

लेकाचे तर शौक वाढले होते. डाएट म्हणून अर्धी भाकर खायचा. पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं.

जानेवारीतल्या एका मंगळवारी आप्पा दुकानात एकटे होते. बसल्या बसल्या माउसला हात लागला. उजवा मॉनिटर उजळला. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं होती. आप्पांनी बोट ठेवलं.

मल्लिकार्जुन बिराजदार. यांना भावपूर्ण श्रद्धांजली.

खाली 'दिनांक' लिहून जागा मोकळी सोडली होती.

आप्पांनी तीनदा वाचलं. डावा मॉनिटर काळाच होता. तो लावून करायचं काय? जे हिकडं, तेच तिकडं.

संध्याकाळी दोघं परत आली.

"माझं मढं निघायच्या आधी फ्लेक्स तयार केला व्हय रे?"

जगदेवीच्या हातातली पिशवी खाली पडली. "मामा, तसं न्हाई ओ..."

उमाशंकरनं तिचं मनगट धरलं. "आप्पा, दोन्ही मॉनिटर बघितले का तुम्ही?"

"एक बघितला तेवढा बास झाला."

उमाशंकर खुर्चीत टेकला. बराच वेळ त्याला दम लागला होता. मग म्हणाला, "चुकलं माझं. पुसून टाकतो."

"डॉक्टरनं किती दिवस सांगितलेत? खरं सांग."

"तुम्ही शंभरी गाठणार, आप्पा."

"खोटारडा."

त्या दिवसापासून आप्पा लेकाशी बोलले नाहीत. तो पाणी आणून द्यायचा, आप्पा रस्त्याकडं तोंड करायचे. तो म्हणायचा, "आप्पा, एकदा तर शिवी द्या." आप्पा बसचे बोर्ड वाचत बसायचे.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी, दोघं पुन्हा लातूरला गेली ती मुक्कामालाच राहिली. गुरुवारी सकाळी जगदेवीचा फोन आला.

"मामा, बारशाचा फ्लेक्स बघायला बजरंगराव येतील. दहा फुटी हाय. दोन्ही मॉनिटर चालू करा."

"एकानं भागत न्हाई का? दोन्हीकडं तेच तर दिसतंय."

"ते पहिलं, मामा. दिवाळीपासनं दोन्ही जोडलेत. लांब फ्लेक्सचं अर्धं हिकडं दिसतंय, अर्धं तिकडं."

आप्पांनी डाव्या, काळ्या मॉनिटरकडं बघितलं. मग म्हणाले, "उमाशंकरला दे."

"झोपलेत," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

आप्पांनी डाव्या मॉनिटरचं बटण दाबलं. अलीकडं उघडलेल्या फायलींच्या यादीत बारसं वर होतं. त्याच्या खाली श्रद्धांजली होती. पुसली नव्हती. आप्पांनी ती उघडली. उजवीकडं तेच आलं, मल्लिकार्जुन बिराजदार. डावीकडचं अर्धं सावकाश उमटलं. आधी फोटो, हार घातलेला, निळ्या शर्टातला. मग फोटोशेजारी नाव.

आप्पांनी काचेवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडं सगळं नाव एकदाच वाचलं आणि लातूरची बस धरली.

उमाशंकर मल्लिकार्जुन बिराजदार, वय एकोणचाळीस, त्याच गुरुवारी, सोळा जानेवारीला, बस लातूरला पोचायच्या आधी वारला.