साठीपर्यंत

"हा पीपीएफ," म्हणत नवऱ्याने ताटलीतल्या शेंगदाण्यांचा एक ढीग बाजूला केला. "पंधरा वर्षं. हा ईएलएसएस. तीनच वर्षं पैसे अडकतात, पण बाजाराबरोबर खाली-वर होतं. आणि हा एनपीएस, थेट साठीला."

कर भरावा लागेल इतका पगार मला पहिल्यांदाच मिळू लागला होता. कर वाचवायला पैसे कुठे गुंतवायचे, ते मला कळत नव्हतं. त्याला सगळं कळत होतं. शेअर बाजारात ऑप्शन्सच्या सट्ट्यात माझे दागिने आणि त्याच्या आईची एफडी घालवली, तेव्हाही कळत होतं.

"मला फायदा नको," मी म्हणाले. "तू कितीही रडलास तरी मला पैसे काढून देता येणार नाहीत, असं यातलं कोणतं?"

तो रागावला नाही. हसला.

"मग एनपीएसच घे, बाई. माझ्यापासून पैसे लांब राहिले तर मलाही झोप लागेल."

दोन वर्षांत तो इतकं खरं बोलला नव्हता. मी मोबाइल त्याच्या हातात दिला आणि चहा टाकायला उठले. तो मन लावून माझं खातं उघडू लागला.

"तसे तीन वर्षांनी थोडे काढता येतात यातून," मान वर न करता तो म्हणाला. "घर, मुलांचं शिक्षण, मोठं आजारपण, असं कारण लागतं."

"घर कुठलं घेतोय आपण. आणि मूल नाही."

"हो ना," तो टाइप करत म्हणाला. "म्हणजे आजारपणच दाखवावं लागेल. तुझं दाखवू."