आत्याने ठरवलेलं नाव

बारशाला आलेल्या बायका पाळण्याभोवती दाटीवाटीने उभ्या होत्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून मृदुला वाकली. नाव तिनेच ठरवलं होतं आणि भावालासुद्धा त्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात भावाचा फोन वाजला. नागरिक नोंदणीच्या यंत्रणेचा निरोप त्याने मोठ्याने वाचला. "चि. ईशानी हिला शुभेच्छा."

मृदुला वाकलेली तशीच राहिली. "हेच नाव सांगणार होते मी."

"कुठे लिहिलं होतंस का, ताई?"

"कुठेच नाही रे. कुणाशी बोललेही नाही."

तिला संताप आला. यंत्राच्या नाकावर टिच्चून आता दुसरंच नाव ठेवायचं, असं तिने ठरवलं. अकरा वर्षांपूर्वी तिची स्वतःची मुलगी जन्माआधीच गेली होती. तिच्यासाठी योजलेलं नाव नवऱ्यालाही माहीत नव्हतं. दवाखान्यातल्या खाटेवर तिने फोनवर एकदाच त्याचा अर्थ शोधला होता आणि तो शोध लगेच पुसून टाकला होता. तेच नाव आता तिच्या ओठांवर आलं.

तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं. "कुर्र... रेवती." बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली.

फोन पुन्हा वाजला. या वेळी जन्मदाखला आला होता. नाव रेवती, आणि दाखला तयार केल्याची तारीख चार दिवसांपूर्वीची. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'आत्याच्या मनातलं खरं नाव बाहेर यावं, म्हणून आधीचा निरोप पाठवला होता.'

मृदुलाच्या पाठीत धपाटे पडतच होते.