परतीचा माल

“तू तोंड उघडू नकोस. या कारखान्यात मला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय. चहा यायच्या आत साहेब सही करतात की नाही बघ,” मिस्तरी बायकोला म्हणाला आणि क्लेम ऑफिसचं दार जोर लावून ओढू लागला. दार ढकलायचं होतं. ते बायकोनेच ढकललं आणि मग भिंतीला धरून श्वास गोळा करत उभी राहिली.

मिस्तरीने सगळी नोकरी इथे घालवली होती, छपराच्या पत्र्यांसाठी अ‍ॅसबेस्टॉसची पोती फोडण्यात. आता घरी ऑक्सिजनचं मशीन होतं, भाड्याचं. भरपाई मंजूर झाली तर ते राहणार होतं. नाहीतर परवा दुकानवाला उचलून नेणार होता.

साहेबांनी मिस्तरीला खालून वर पाहिलं. “धाप लागते?”

“मला? छे हो! जिना एका दमात चढलो.”

“छातीत दुखतं?”

“दगड आहे दगड. ठोकून बघा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मग क्लेम कशाचा?”

“हिचा.”

“ह्या कुठल्या खात्यात होत्या?”

“आमच्याच. म्हणजे घरच्या.”

साहेबांनी अर्जाला जोडलेला एक्स-रे खिडकीपुढे धरला, मग उलटा करून धरला, मग मिस्तरीच्या छातीशी ताडून पाहिला. जुळेना. शेवटी त्यांनी शेजारच्या खोलीतून कंपनीच्या वकिलाला हाक मारली.

वकील तरुण होता आणि सकाळपासून रिकामा बसला होता. बायकोकडे वळून त्याने विचारलं, “तुम्ही कारखान्यात कधी आला होतात?”

“आजच.”

“मग छातीतली धूळ आमचीच कशावरून?”

इथे मिस्तरी फुलला. “कशावरून काय विचारता! पांढरी, कापसासारखी मऊ, उन्हात चमचम करणारी. असला माल दुसरीकडे मिळायचाच नाही! शर्टावर, पँटवर, भुवयांवर थर बसायचा. ही रोज मागच्या दारात माझे कपडे झटकायची. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायची.”

“मी म्हणायचे यांना, तिकडेच झटकून येत जा,” बायको म्हणाली. “तर म्हणायचे, आवारात झटकायला बंदी आहे, कचरा होतो.”

“मग! शिस्त होती तेव्हा,” मिस्तरी म्हणाला.

“म्हणजे धूळ कंपनीची, हे नक्की?” वकिलाने विचारलं.

“शंभर टक्के.”

“गेटपास काढला होतात?”

“कशाचा?”

“कंपनीचा माल रोज बाहेर नेत होतात, त्याचा.”

मिस्तरीने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी एक्स-रेकडे.

“मी इथला खिळासुद्धा कधी घरी नेला नाही हो,” मिस्तरी पुटपुटला.

“खिळा नसेल नेला. धूळ नेली. आणि बाईंनी ती ठेवून घेतली.”

“ठेवून कुठे घेतली, भाऊ?” बायको म्हणाली. “रात्रंदिवस खोकून काढायला बघते, निघतच नाही. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही न्या काढून. माझी अजिबात ना नाही.”

वकील विचारात पडला. साहेबही पडले. माल ताब्यात घ्यायचा तर ठेवायचा कुठे? गोडाऊन आधीच भरलेलं होतं.

तेवढ्यात मिस्तरीला युक्ती सुचली. “साहेब, मग मलाच झालंय असं लिहा ना! मी तर इथलाच माणूस.” आणि पुरावा म्हणून तो खोकला. पहिला खोकला शिंकेसारखा निघाला, दुसरा हसल्यासारखा. तिसऱ्याच्या आत बायकोला खरा आला आणि थांबेचना. साहेबांनी स्वतःचा पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

“नक्की कोण खोकतंय?” ते वैतागले. “कुणीतरी एकानेच खोका!”

अर्ज नामंजूर झाला. धूळ कंपनीची आहे हे दोन्ही बाजूंना मान्य, बाई कंपनीच्या कुणी लागत नाहीत हेही मान्य, तेव्हा वाद असा राहिलाच नाही, असं वकिलाने समजावलं. मिस्तरीने मान डोलावली. मग आपण कशाला मान डोलावली ते त्याला कळेना.

“पण मशीनचं काय?”

“कुठलं मशीन?”

“ऑक्सिजनचं. परवा नेतील ते.”

“ते कंपनीचं आहे?”

“नाही.”

“मग नेऊ देत की. आमची काही हरकत नाही.”

दोघं खाली उतरली. मिस्तरी एका दमात, बायको पायरीपायरीवर थांबत. ती फाटकाशी पोचेपर्यंत वॉचमनला वरून फोन येऊन गेला होता. त्याने काठी आडवी धरली.

“असं नाही सोडता येत, मिस्तरी. माल बाहेर चाललाय म्हणतात. परतीचा की बिनपरतीचा? म्हणजे परत आणून द्यायचा की नाही?”

मिस्तरी बायकोकडे बघत राहिला. ती म्हणाली, “मला काय विचारता? मी तर तोंड उघडायचं नव्हतं.”

वॉचमनने वर फोन लावला, हं हं केलं आणि ठेवला. “परतीचा म्हणतात. ताई, जरा काट्यावर उभ्या राहा.”

तो पोती तोलायचा काटा होता. ती चढली तसा जेमतेम हलला. मागे ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. वॉचमनने भराभरा पास लिहून फाडला. माल : अ‍ॅसबेस्टॉसची धूळ. वजन : अडतीस किलो. खाली मिस्तरीने सही केली.

घाईत बाईंचं वजन वजा करायचं राहून गेलं.