मांडवातून उठताना

“सगळ्यांनी सह्या केल्या, ताई,” चंद्रभान म्हणाला आणि मांडवाच्या खांबाकडं बघत उभा राहिला.

मंजुषा गादीवर पडून होती. ती कोपरावर उठली. “सगळ्यांनी म्हणजे?”

“कंपनीनं बोलावलं होतं. आमच्या हाताखाली काम करा म्हणाली. लेकरंबाळं हायत, ताई, काय करावं माणसानं?”

“आणि तुमी?”

चंद्रभाननं मान खाली घातली. तो संघटनेचा उपाध्यक्ष. मंजुषाला अध्यक्ष करा, असा हट्ट त्यानंच धरला होता.

शेतातले सौरपंप बसवणारे, दुरुस्त करणारे परभणी जिल्ह्यातले छोटे दुकानदार एकत्र आले आणि ही संघटना झाली. मग नवा नियम आला. पंपाच्या पेटीला बाहेरच्या एका कंपनीचं सील लागलं. कंपनीच्या माणसाशिवाय कोणी ते तोडलं, तर गुन्हा. दुकानदारांनी निवेदनं दिली, मुंबईला खेटे घातले, साहेबांच्या दारात तासन् तास उभे राहिले. काहीच हललं नाही तेव्हा उपोषण ठरलं. बसायचं कोणी, म्हटल्यावर बैठकीत जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. सेलूला दुकान चालवणारी मंजुषा म्हणाली, “मी बसते.” टाळ्या मात्र कडकडून वाजल्या.

पहिल्या दिवशी गळ्यात हार मावत नव्हते. हळूहळू माणसं पातळ झाली. आता परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच्या त्या मांडवात वाऱ्यानं फडफडणारा फलक होता आणि ती होती. उठावं, तर संघटनेची लढाई तिथंच संपणार. बसून राहावं, तर कोणासाठी? ज्यांच्या वतीनं आपण उपाशी आहोत, ते कधीच जेवून मोकळे झालेत, हे तिला कळलं आणि पोटातल्या आगीपेक्षा ते जास्त जाळू लागलं.

“सोलरवाल्या बाई तुमीच का?”

दारात एक म्हातारी उभी होती. डोक्यावर पदर, पाय धुळीनं भरलेले. पाठिंबा द्यायला कोणीतरी आलं, असं वाटून मंजुषानं हात जोडले. “या मावशी, बसा.”

“बसाया न्हाई आले. वालूरची तानुबाई मी. माझा पंप बंद पडलाय. भुईमुगाला आऱ्या सुटून जमिनीत शिरायल्यात, आता पाणी न्हाई भेटलं तर शेंग धरत न्हाई. ऊन आग ओकायलंय अन् पंप हूं का चूं करीना. कंपनीला फोन लावला की बाई लय गोड बोलती. माणूस काय येईना.”

“मावशी, त्या पेटीला हात लावायची आम्हाला बंदी आहे. त्यासाठीच तर मी उपाशी बसलेय.”

“तुमी हितं बसल्यावर पंप सुरू होतोय का?”

टोमणा नव्हता तो. म्हातारीला खरंच जाणून घ्यायचं होतं. मंजुषा खांबाला धरून उभी राहिली.

“ताई, उठू नका!” चंद्रभान पुढं आला. “तुमी उठलात की संघटना संपली.”

“संपली म्हणून तुमीच सांगायलात ना आत्ता? तुमची हत्यारांची पिशवी द्या.”

त्यानं मोटारसायकलीला अडकवलेली पिशवी काढून दिली. सोबत मात्र आला नाही.

वालूरच्या एसटीत तानुबाईशेजारी बसून मंजुषानं समोरच्या दांडीवर कपाळ टेकलं. अध्यक्षा उपोषण सोडून पळाल्या, असं उद्या छापून येणार होतं. छापणाऱ्यांचं काय चुकलं असतं?

रानात पोचली तेव्हा भुईमुगाची पानं मिटून गेली होती. तिनं पेटीवरच्या सीलला पक्कड लावली आणि थांबली. “मावशी, हे तोडलं तर माझ्यावर केस होईल. तुमची गॅरंटीही जाईल.”

“गॅरंटीनं भुईमूग भिजतोय का?”

मंजुषानं स्विच पाडला, सील तोडलं. आत पाल चिकटून मेली होती, तिथली वायर जळून कोळसा झाली होती. तानुबाईनं तिच्या डोक्यावर पदराची सावली धरली. जळका तुकडा कापून मंजुषानं नवी वायर आवळली आणि स्विच वर केला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाइप खोकला, गढूळ पाणी ओकला आणि नितळ धार सरीत पडली.

मंजुषा बांधावर मटकन बसली. “मी हरले, मावशी. मी उठले तसा मांडवही रिकामा झाला. आता आमच्यातलं कोणी तिथं बसणार नाही.”

पाण्याचा आवाज ऐकून शेजारच्या रानातली माणसं गोळा झाली होती. त्यातला मुंजाजी म्हणाला, “माझा बी पंप बंदच हाय, बाई.” मागून कोणी म्हणालं, “आमचा बी.” मग आणखी एक. मग बायाही बोलू लागल्या.

“करते,” मंजुषा कशीबशी उठू लागली. “एकेक करून सगळ्यांचे करते.”

तानुबाईनं खांद्याला धरून तिला खाली बसवलं आणि ताकाचा तांब्या पुढं केला. “आधी हे घ्या.”

“मावशी, माझा उपास...”

“तो आता आमच्याकडं द्या,” तानुबाई म्हणाली. “उद्यापासून मांडवात आमी बसताव.”