कालव्यावरची पांढरी घोडी

हौसरावांनी काजळीला टाच मारली, तरी पुढची पांढरी घोडी होती तेवढीच लांब राहिली.

काजळी म्हणजे काही लेचीपेची घोडी नव्हे. शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बैलगाड्यांच्या पुढं पळून बैलांना ओढ लावणारी घोडी ती. अख्ख्या निमोणे गावात तिच्या तोडीचं दुसरं जनावर नव्हतं. आणि पुढची? पुढची चक्क चालत होती, देवदर्शनाला निघाल्यासारखी. ऊन कललं की कालव्याच्या भरावावरून ती रोज जायची, आणि तिच्यावर पाठमोरी बसलेली असायची सोजराबाई. हौसरावांची बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं.

पहिल्यांदा दिसली तेव्हा हौसराव जागच्या जागी थिजले. घोड्यांचं वैरणपाणी तिनं जन्मभर केलं, पण घोडीवर ती कधी बसली नव्हती. तरी पाठ तिचीच. पदर खोचायची तऱ्हा तिचीच. मग भीती गेली आणि नुसती ओढ उरली. एकदा तिचं तोंड दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यापायी घास गोड लागेना.

आयुष्यभर शर्यती केलेल्या माणसाला पळवण्याखेरीज दुसरं सुचणार तरी काय? त्यांनी काजळीला फेस येईस्तोवर दौडवली. उसातून आडवं जाऊन वाट अडवून पाहिली. एकदा तर लेकाची मोटरसायकल काढली आणि कालव्यात पडता पडता वाचले. जितकं जोरात जावं, तितकं अंतर वाढायचं. ती आपली चालतच असायची.

त्या दिवशी दुपारी ते ओसरीवर हात टेकून बसले होते. त्यांचा लेक सार्थक शिक्रापूरच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला निघाला होता. गाडी फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

"सार्थक, थांब! डबा राहिला!" सून तेजश्रीनं दारातून खणखणीत हाक दिली.

गाडी थांबली. सार्थक मागं वळून हसला.

एरवी हौसरावांच्या कपाळाला आठी पडायची. नवऱ्याला नावानं हाक? त्यांच्या काळी नवराबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही पाच बायकांनी दार अडवल्यावर. उभ्या संसारात त्यांनी बायकोला "अगं ए" म्हटलं, "सार्थकची आई" म्हटलं, आणि बरेचदा नुसतं खाकरून भागवलं. ती समजून यायची. आज मात्र आठी पडली नाही. हाकेसरशी थांबलेल्या गाडीकडं ते बघत राहिले. त्यांनी उठून काजळीवर खोगीर चढवलं.

"आबा, उन्हाचं कुठं निघालाय?" तेजश्रीनं विचारलं.

"तुझ्या सासूला हाक मारायची राहिलीय," ते म्हणाले.

ऊन कललं तेव्हा भरावावर पांढरी घोडी रोजच्यासारखी चालली होती. या वेळी हौसरावांनी टाच मारली नाही. लगाम खेचून ते उभे राहिले. पलीकडच्या वावरात शेजारची सिंधूबाई कांदे खुरपत होती. या वयात आपण भर रस्त्यात बायकोच्या नावानं ओरडणार, उद्या गावभर होणार. त्यांना खरंच लाज वाटली. पण पाठमोरी सोजराबाई लांब लांब चालली होती, आणि ते पाहवत नव्हतं.

"सोजरा!" एवढ्या वर्षांत न फुटलेला आवाज फुटला. "सोजरा, थांब की गं!"

पांढरी घोडी थांबली. सोजराबाईनं मान वळवली. तेच तोंड, तेच ठसठशीत कुंकू. हौसराव लहान पोरासारखे रडायला लागले.

"किती पळतीस गं?" ते म्हणाले. "पळवून पळवून मारलंस मला. आता घरी चल."

सोजराबाईनं पदरानं डोळे टिपले.

"आवं, मी कवा पळत हुते? ह्या एका हाकंसाठी तर थांबले हुते," ती म्हणाली. "आता जाऊ द्या मला."