उशिरा पडणारा पत्ता

दर रविवारी दुपारी तिघे मित्र आपापल्या घरून इंटरनेटवर स्काट या पत्त्यांच्या खेळाचा डाव मांडत. त्यात म्हाताऱ्या हार्टमुटचा पत्ता हमखास उशिरा पडे.

"अरे, पत्ता टाकतोयस की मृत्युपत्र लिहितोयस?" डीटलेफ खिदळे.

आपण तर लगेच टाकला, असं हार्टमुटला वाटे. मग वाटू लागलं, डोकंच मंदावलंय.

शेवटी इंटरनेट पुरवणाऱ्या केबल कंपनीची मुलगी आली आणि तिने मोडेम नुसता तपासला नाही, तर बदलूनच टाकला. "आजोबा, आतली चिपच सदोष होती. मधूनच अडखळायची. या मॉडेलच्या सगळ्याच मोडेमची ही रड आहे."

"म्हणजे इंटरनेटवर खेळताना मी पत्ता वेळेवर टाकत होतो?"

"अगदी वेळेवर!"

हार्टमुटने चष्मा काढून पुसला.

"पोरी, एवढं माझ्या लेकीला फोनवर सांगशील? कालच मी आपणहून गाडीच्या किल्ल्या तिच्या हवाली केल्यात."